डोळ्यांतलें औषध डोळ्यांत राहावें म्हणून

गेल्या श्रावणांत आम्ही राधानगरीस आमच्या आत्याबाईंकडे चार दिवस राहून आलों. शाहू छत्रपतींनीं बांधावयास घेतलेलें तेथील धरण त्या दिवसांत तुडुंब भरलेलें होतें, आणि त्याच्या प्रसिद्ध सात स्वयंचलित दरवाजांपैकीं दोन उघडलेले होते. पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं हे दरवाजे कोणी हात न लावतां उघडतात व पाणी उतरलें कीं आपले आपण मिटतात. कोणता दरवाजा केव्हां उघडला, याची चर्चा गांवांत देवळापासून दुकानापर्यंत चाललेली असते. आत्याबाईंच्या घरीं मात्र त्या वेळीं निराळीच चर्चा चालूं होती, व तीच आजच्या सदराचा विषय आहे.

आत्याबाईंस वयाचें अठ्ठ्याहत्तरावें वर्ष चालूं आहे. सहा वर्षांपूर्वीं त्यांस कांचबिंदु असल्याचें निदान झालें, व तेव्हांपासून सकाळसंध्याकाळ दोन्ही डोळ्यांत औषध घालणें चालूं आहे. एका दिवसाचाही खाडा त्यांनीं केलेला नाहीं, हें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों. असें असूनही कोल्हापुरास नुकतीच तपासणी झाली तेव्हां दृष्टीचें क्षेत्र आणखी आकसल्याचें आढळलें. देवघरांतली समई त्यांस स्वच्छ दिसते, पण शेजारीं ठेवलेल्या तांब्यास पाय लागतो. कांचबिंदूंत गेलेली नजर परत येत नाहीं; डोळ्यांतील दाब उतरवून उरलेली सांभाळावयाची, एवढेंच औषधाचें काम. तेंच काम होत नसल्यामुळें घरांत दोन पक्ष पडले होते. एकाचें म्हणणें डॉक्टर बदलावा, दुसऱ्याचें म्हणणें औषध बदलावें. आम्ही दुसऱ्या पक्षांत होतों. याहून अधिक कडक औषध कां देत नाहीं, असें त्या डॉक्टरांस विचारण्याचा सल्ला आम्हींच दिला होता, हें कबूल केलेलें बरें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दिवेलागणीनंतर आत्याबाई झोपाळ्यावर बसून औषध घालीत होत्या. मान ताठ, नजर आढ्याकडे, हात कांपरा. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा पापणीवर. तिसरा मात्र डोळ्यांत गेला. लगेच त्यांनीं डोळे दोनचार वेळां जोरानें मिचकावले, पदरानें टिपले, आणि समाधानानें म्हणाल्या, "लागलं बाई घशाला कडू. पोचलं औषध!"

सहा वर्षें त्या बाईनें घशांतील कडूपणा ही औषधाची पोंच मानली होती. आणि खरें पाहतां ती औषध वाहून गेल्याची खूण होती.

दोन्ही पापण्यांच्या आंतल्या कोपऱ्यांत, नाकाजवळ, टांचणीच्या टोंकाएवढीं दोन बारीक छिद्रें असतात. आरशासमोर पापणी हलकेच उलटून पाहिली तर तीं कोणासही दिसतील. डोळ्यांतील आंसवें या मार्गानें नाकांत व तेथून घशांत उतरतात. मनुष्य रडूं लागला म्हणजे नाक कां वाहूं लागतें, याचें उत्तर हेंच. आतां थोडें गणित पाहावें. डोळ्यांत एरवीं आंसवांचा सांठा असतो तो सुमारें ७ मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरच्या हजार भागांपैकीं सात भाग. बाटलीतून पडणारा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरांचा. म्हणजे पेल्यांत कळशी ओतण्यापैकींच हा प्रकार! जास्त झालेलें गालावर ओघळतें, उरलेलें पापण्यांच्या प्रत्येक उघडझापीबरोबर त्या छिद्रांतून नाकाकडे ढकललें जातें, आणि पांचसात मिनिटांत डोळा बहुतेक धुऊन निघतो. बुबुळ ओलांडून प्रत्यक्ष आंत पोंचणारें औषध शंभरांत पांच भागांहूनही कमी असतें. बाकीचें पंचाण्णव भाग नुसते फुकट जाते तरी एक वेळ चाललें असतें. परंतु नाकाच्या नाजूक आवरणांतून तें थेट रक्तांत मिसळतें. कांचबिंदूसाठीं पुष्कळदां दिलें जाणारें टिमोलॉल हें औषध अशा रीतीनें रक्तांत गेलें म्हणजे दमेकऱ्याचा दमा बळावूं शकतो व हृदयाचे ठोके मंद होऊं शकतात. म्हणून घरांत कोणास दमा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांस तो न विचारतांही सांगावा. डोळ्याचा आणि छातीचा काय संबंध, असें समजून पुष्कळजण तें सांगावयाचें राहतात.

आत्याबाईंचें प्रकरण सावकाशीचें; पण औषध डोळ्यांत न टिकण्याचा सर्वांत मोठा जाच कोणास होतो तें आम्हांस पलीकडच्या आळींत पाहावयास मिळालें. तेथील एका ऊंसवाल्या तरुणाच्या डोळ्यास मागल्या हंगामांत तोडणीच्या वेळीं उसाची पात लागली. हा मुलूख उसाचा. पात कोणाला लागत नाहीं! त्यानें डोळा पाण्यानें धुतला व दुकानांतून कसलेसे थेंब आणून घातले. ते स्टिरॉइडचे निघाले. लाली उतरली, बरेंही वाटलें. पण आठवड्याभरांत बुबुळावर पांढरा ठिपका दिसूं लागला. हिरव्या पाल्यानें झालेल्या जखमेंत बुरशी शिरते आणि स्टिरॉइडच्या आश्रयानें ती फोफावते, हें नेत्रवैद्यांस पक्कें माहीत आहे, पण उसाच्या फडापर्यंत अजून पोंचलेलें नाहीं. पुढें त्याला नॅटामायसिनचे थेंब दिले, ते दर तासाला, दिवसा आणि रात्रींही. हें औषध चांगलेंच आहे. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयांत व अमेरिकेंतील संशोधकांच्या सहकार्यानें झालेल्या ज्या मोठ्या तुलनेचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले, तींत तें नव्या महाग औषधाहून सरस ठरलें. पण तें बुबुळांत खोलवर शिरत नाहीं आणि पृष्ठभागावरही टिकत नाहीं, म्हणून तासातासाचा हा खटाटोप. त्या तरुणाची पत्नी फोनचा गजर लावून रात्रभर दर तासाला उठत असे, आणि पहाटे पुन्हां गोठ्यांत जात असे. डोळा वांचला, पण बुबुळावर फूल राहिलें. "दोनदां गजर ऐकूंच आला नाहीं हो," असें ती आम्हांस म्हणाली, तेव्हां तिच्या चेहऱ्याकडे आम्हांस पाहवेना. जणूं तें फूल त्या दोन तासांमुळेंच पडलें होतें!

औषध डोळ्यांत टिकवावें कसें, हा प्रश्न आजचा नव्हे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत आश्च्योतन, म्हणजे थेंब टाकणें, सांगितलें आहे. पण तेवढ्यावर न थांबतां तर्पण नांवाची क्रियाही सांगितली आहे. तींत डोळ्याभोवतीं उडदाच्या पिठाची पाळ करून तिच्यांत तूप भरावयाचें व शेंकडों मात्रा मोजीपर्यंत तें तेथें धरून ठेवावयाचें. पिठाची पाळ म्हणजे एक इवलेसें धरणच म्हणावयाचें! त्या क्रियेचा गुण किती, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं, व घरच्या घरीं ती कोणी करावी असेंही सुचवीत नाहीं. परंतु थेंब टिकत नाहीं ही अडचण त्या वैद्यांच्या ध्यानांत आली होती, हें मात्र उघड आहे.

या अडचणीवर गेलीं साठ वर्षें जो उपाय शोधला जात आहे तो एका लुसलुशीत पदार्थाच्या आश्रयानें. सब्जाचें बीं पाण्यांत टाकलें म्हणजे त्याच्याभोवतीं पारदर्शक गर फुगतो, तो आमच्या वाचकभगिनींनीं फालुद्यांत किंवा उन्हाळ्याच्या सरबतांत पाहिलेलाच आहे. तो गर पाणी धरून ठेवतो, पण पाण्यांत विरघळून जात नाहीं. अशाच गुणाच्या कृत्रिम पदार्थांस हायड्रोजेल म्हणतात. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. रघुनाथ माशेलकर व त्यांचे सहकारी यांनीं असल्या जेलांच्या फुगण्याआकसण्याचा पुष्कळ अभ्यास केलेला आहे. मात्र तो डोळ्यासाठीं नव्हे. डोळ्यासाठीं हा पदार्थ घडविला तो प्राग येथील ओट्टो विख्टर्ले व द्राहोस्लाव्ह लिम या रसायनशास्त्रज्ञांनीं. त्यांचा निबंध १९६० सालीं प्रसिद्ध झाला. पण जेल साधलें तरी त्याचें नितळ कडेचें भिंग कांहीं केल्या जमेना. शेवटीं १९६१ च्या नाताळांत विख्टर्ले यांनीं घरच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यांतील सुटे भाग जुळवून व सायकलचा डायनॅमो लावून एक फिरतें यंत्र केलें, आणि त्यांत फिरत्या सांच्यावर पहिलीं मऊ भिंगें तयार झालीं. पत्नी मदतीला होती. आज ज्यांस आपण मऊ काँटॅक्ट लेन्स म्हणतों, त्यांचा उगम हा असा घरगुती आहे.

आतां ज्या भिंगांत पाणी मुरतें त्यांत औषधही मुरेल, हा तर्क फार दूरचा नव्हता. १९६५ सालींच सेडलाचेक या चेक नेत्रवैद्यानें होमॅट्रोपिन या औषधांत भिजवलेलें भिंग वापरून पाहिलें. भिंग बुबुळावर बसतें, व त्याच्या आणि बुबुळाच्या मध्यें आंसवांचा अतिशय पातळ थर अडकून राहतो. भिंगांतून पाझरणारें औषध त्या थरांत येतें; तेथें पापण्यांची झाडलोट फारशी पोंचत नसल्यामुळें तें बुबुळाशीं पुष्कळ अधिक वेळ राहतें. अनुज चौहान फ्लॉरिडा विद्यापीठांत असतांना त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं केलेल्या गणिताप्रमाणें भिंगांतून सुटलेल्या औषधापैकीं निम्म्यापर्यंत भाग बुबुळांत शिरूं शकतो. गणित तें गणितच, प्रत्यक्ष रोग्याचा अनुभव नव्हे. तरी शंभरांत पांच कोठें आणि पन्नास कोठें!

मग साठ वर्षें अडलें कोठें? साधें भिंग औषधांत भिजवून डोळ्यांत ठेवलें तर तें बहुतेक सारें औषध पहिल्या कांहीं तासांतच सोडून देतें. राधानगरीचा पाऊस तरी काय करतो? चार महिने असा कोसळतो कीं भोगावती काठांत मावत नाहीं. पण उसाला पाणी हवें असतें तें चैत्रांत. म्हणून वर धरण, आणि खालीं नदींत फळ्या घालून पाणी अडविणारे कोल्हापुरी बंधारे. भिंगालाही असलेच बंधारे घालण्याच्या युक्त्या निघाल्या. चौहान यांनीं भिंगाच्या पदार्थांत ई जीवनसत्त्व मुरवलें; त्या तेलकट अडथळ्यांना वळसे घालीत औषधास बाहेर यावें लागतें व काळ वाढतो. कुत्र्यांवरील प्रयोगांत अशा टिमोलॉलच्या भिंगांनीं दाब उतरला, आणि तोही थेंबांस लागतें त्याहून कमी औषधांत. गुजराथेंत बारडोलीजवळच्या मालिबा औषधशास्त्र महाविद्यालयांत फुरकान मौलवी व त्यांचे सहकारी यांनीं औषधाचें बारीक कडें करून तें भिंगाच्या कडेला आंत बसविलें, म्हणजे नजरेच्या आड कांहीं येत नाहीं. बॉस्टन येथील सिओलिनो व कोहान यांनीं लॅटानोप्रोस्ट या औषधाचा पातळ पापुद्रा भिंगाच्या पोटांत घातला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत कांचबिंदु झालेल्या माकडांचा दाब त्या भिंगानें रोजच्या थेंबांइतका, आणि अधिक मात्रेच्या भिंगानें त्याहूनही अधिक उतरला. माकडें होतीं चार. ही संख्या आम्ही मुद्दाम सांगतों, कारण वर्तमानपत्री मथळ्यांत ती दिसत नाहीं.

मनुष्यासाठीं बाजारांत येण्याची परवानगी पहिल्यानें मिळाली ती एका लहानशा तक्रारीवरच्या भिंगास. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या रोज बदलावयाच्या भिंगांत केटोटिफेन नांवाचें खाज शमविणारें औषध १९ मायक्रोग्राम घातलेलें होतें. त्यास जपाननें २०२१ त व अमेरिकेनें २०२२ त मंजुरी दिली. परागकणांसारख्या वावड्या वस्तूंमुळें डोळ्यांस येणारी खाज त्यानें बारा तासांपर्यंत थांबते, असें चांचणींत दिसलें. पण तें होतें मुळांतच काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांसाठीं, व तेही डोळे लाल नसतील तर. तेव्हां एवढ्यावरून कोणी चष्म्याच्या दुकानांत जाऊन आजीसाठीं औषधी भिंग मागूं नये. कांचबिंदूसाठीं किंवा बुरशीच्या जखमेसाठीं असें भिंग प्रयोगांतून उठून नेहमींच्या उपचारांत अद्याप आलेलें नाहीं.

आणि येण्याच्या वाटेवर अडचणीही ठेंचाळण्यासारख्या आहेत. भिंग पाकिटांत द्रवांत बुडवून ठेवावें लागतें. त्या मुक्कामांतच औषध भिंगांतून द्रवांत उतरूं लागतें. कैरीच्या फोडींचें मीठ खारांत आणि खाराचें फोडींत होतें, त्यांतलाच हा न्याय. शिवाय भिंगानें डोळा झांकला म्हणजे बुबुळास हवेंतून मिळणारा प्राणवायु कमी पडतो, कारण बुबुळांत रक्तवाहिन्या नसतात. नव्या सिलिकोनयुक्त जेलांनीं ही उणीव पुष्कळ कमी केली असली तरी भिंग घालून रात्रीं निजणें हा जंतुदोषास आमंत्रण देण्याचाच प्रकार राहतो. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याचा थेंबही त्या भिंगास लागतां कामा नये, आणि राधानगरीच्या पावसांत तर कपाटांतल्या पुस्तकांनाही बुरशी धरते!

पण आमची मुख्य शंका निराळी आहे. ज्या आत्याबाईंस डोळ्यांत थेंब नीट टाकतां येत नाहीं, त्या रोज सकाळीं बोटाच्या टोंकावर भिंग घेऊन बुबुळावर बसविणार कशा? पूर्वीं १९७४ सालीं अमेरिकेंतील आल्झा कंपनीनें पिलोकार्पिनची एक चपटी पुडी काढली होती, ती पापणीखालीं ठेवली कीं आठवडाभर औषध पाझरे. कल्पना नामी, परंतु म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांतून ती नकळत निसटे आणि दिवसचे दिवस कोणास पत्ता लागत नसे. पुढें ती मागें पडली. म्हणून आमच्या मतें या भिंगाची खरी जागा घरच्या आरशापुढें नसून दवाखान्यांत आहे. बुबुळाच्या जखमेवर मलमपट्टीसारखें साधें भिंग डॉक्टर आजही कांहीं रोग्यांस बसवितात. तसेंच बुरशीनाशक औषधाचें भिंग डॉक्टरांनींच बसवावें, स्वतःच बदलावें, आणि त्या मधल्या रात्रींत त्या ऊंसवाल्याच्या पत्नीनें निजावें. जंतु असलेल्या डोळ्यावर झांकण घालण्याचा धोका यांत आहेच, व तो ओलांडल्याखेरीज कोणीही शहाणा वैद्य यास हात लावणार नाहीं. तरी आम्हांस या साऱ्या शोधांत अगत्य वाटतें तें त्या एका उपयोगाचें. खाज थांबविणें हें त्या मानानें चैनीचें काम.

तोंपर्यंत थेंबच घालावयाचे आहेत, तर ते कसे घालावे हें कोणी दाखवून दिलें होतें काय, असें आम्हीं आत्याबाईंस विचारलें. सहा वर्षांत कोणी दाखविलें नव्हतें. चिठ्ठीवर औषधाचें नांव व वेळ तेवढी होती. आम्हीं कोल्हापुरांतील एका परिचित नेत्रवैद्यांस फोन करून रीत नीट विचारून घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून वहिनींनीं तें काम आपल्याकडे घेतलें. आत्याबाईंनीं अंथरुणावर उताणें निजावें. खालची पापणी बोटानें हलकेच खालीं ओढली कीं एक खोबण होते. तींत एकच थेंब टाकावा, बाटलीचें तोंड पापणीस लागूं देऊं नये. मग डोळा अलगद मिटावा, मिचकावूं नये, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट ठेवून दोन मिनिटें हलका दाब द्यावा, म्हणजे तीं दोन छिद्रें बंद राहतात. दुसरें औषध असल्यास मध्यें निदान पांच मिनिटें जाऊं द्यावीं, नाहींतर दुसरा थेंब पहिल्यास धुऊन नेतो. बाटली उघडल्याची तारीख वहिनींनीं तिच्यावरच लिहून ठेवली, कारण उघडल्यावर बहुतेक औषधें महिनाभरच वापरावयाचीं असतात. दोन मिनिटें मोजावयास घड्याळ नको म्हणून आत्याबाईंनीं आपलें एक स्तोत्र नेमून घेतलें. तें सावकाश म्हणून संपलें कीं बोट काढावयाचें.

आम्ही परत आल्यावर पंधरा दिवसांनीं वहिनींचा फोन आला. आत्याबाई रागावल्या होत्या. दुकानदारानें या खेपेस बाटलींत पाणी भरून दिलें, असा त्यांचा पक्का समज झाला होता. कारण औषध घशाला मुळींच कडू लागत नव्हतें. जुनी बाटली टाकून दिली नसेल तर तीच काढून द्या, असा त्यांचा आग्रह चालला होता. पुढची तपासणी कार्तिकांत आहे.